आईबाबांना भेटायची खोली

आमच्या कामातल्या गोष्टी रोज घरी नेता येत नाहीत. त्या साचत जातात, आणि कधीतरी मैत्रिणी जमल्या की नावं बदलून बाहेर पडतात.

वर्ध्याला एक खोली आहे. मुलाच्या ताब्यावरून नवरा-बायकोची केस चालू असली, की मूल ज्याच्याकडे नाही त्याने इथे येऊन त्याला भेटायचं, कौन्सेलरसमोर. ती कौन्सेलर मी.

* * *

देवळीची पाच वर्षांची मुलगी होती. वडिलांनी चॉकलेट पुढे केलं. ती म्हणाली, "तुमचं नाटक पुरे झालं. आता वकिलाशीच बोला."

शब्द आईचे, ते तर नेहमीचंच. पण आवाजही आईचाच, मोठ्या बाईचा. वडील खुर्चीसकट मागे सरकले. मग तिने चॉकलेट उचललं आणि स्वतःच्या बारीक आवाजात विचारलं, "पप्पा, फोडून द्या ना?"

* * *

जामला हायवेवर धाबा चालवणाऱ्या एका वडिलांना मुलीने ओळखच दिली नाही. शेवटी आईने, त्यांच्याशी उभा दावा असूनही, दारातून सांगितलं की हेच तुझे पप्पा. मुलीने त्यांना नीट निरखलं आणि मला हळूच म्हणाली, "सारखेच दिसून राह्यले. पण माहे पप्पा हे नाई."

जाताना ते भिंतीवरच्या आरशात बराच वेळ स्वतःला पाहत उभे होते.

* * *

एक मुलगी खोलीतल्या बाहुल्यांशी भेट-भेट खेळायची. एक बाहुली आई, एक बाबा. मी विचारलं, यांची मुलगी कुठे आहे? तिने टेबलाखाली बोट दाखवलं. मी वाकून पाहिलं, खाली काहीच नव्हतं.

"आहे ना," ती म्हणाली. "भांडण संपलं का, विचारून राह्यली."

* * *

आणि नाचणगावची परी. ती तान्ही असतानाच आईबाबा वेगळे झाले. सहा वर्षांची झाली तेव्हा कोर्टाने भेटीची ऑर्डर दिली. आई आली नाही, आजोबा दारात सोडून बाहेर बसले. कोणाला भेटायचंय, हे परीला कोणी सांगितलंच नव्हतं.

वडिलांना पाहून ती थबकली, पण रडली नाही. जवळ जाऊन तिने त्यांच्या हाताला बोट लावलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गरम आहे."

मी विचारलं तेव्हा तिने अगदी सहज सांगितलं. घरी बाबांच्या फोटोला हार आहे, रोज सकाळी ती आईबरोबर त्याच्यापुढे उदबत्ती लावते. वडिलांनी दाराकडे पाहिलं. आता हे बाहेर जाऊन आजोबांना धरणार, या भीतीने मी उठून उभी राहिले. पण ते बसूनच होते.

परी त्यांच्या मांडीवर बसली, शर्टाच्या बटणांशी खेळली, तिने शाळेतलं गाणं म्हणून दाखवलं. वेळ संपली तेव्हा ती त्यांच्या कानाशी लागली. लहान मुलांचं कुजबुजणं सगळ्या खोलीला ऐकू येतं.

"तुम्ही जित्ते आहे, हे मी आईले नाई सांगत. आई भेते."

दारापाशी जाऊन ती मागे वळली.

"बाबा, तुमच्या घरी माह्या फोटोले हार आहे का?"

वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "आज काढतो," ते म्हणाले.