मांडवातलं पेट्रोल

तहसील कचेरीसमोरचा तो मांडव आणि त्यातल्या सतरंज्यांखालून निघालेला पेट्रोलचा कॅन मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले निम्मे आता आठवतही नाहीत. हे प्रकरण मात्र हल्ली रोज आठवतं, आणि त्याला कारण सिडकोतल्या बागेत सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी. कुठलीही निवडणूक झाली आणि निकालावरून कुणी रस्त्यावर बसलं, की बाकावर यांची टकळी सुरू. "हरले की लगेच आंदोलन! दुसरे उद्योग नाहीत का यांना?" सगळ्यात मोठा आवाज माझ्या एका बॅचमेटचा. हा गृहस्थ पदक घेऊन निवृत्त झाला. उन्हातान्हात बंदोबस्त आम्ही केले, पदक त्याच्या छातीवर. तो बोलला की सगळे माना डोलावतात, मी तोंड उघडलं की कुणाला तरी घरी जायची घाई होते. जळफळाट होतो माझा, लपवून काय करू? हेवा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. या प्रकरणात तेच ज्ञान उपयोगी पडलं.

तेव्हा मी जालना रस्त्याच्या अंगाला एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुका होऊन गेल्या होत्या. हद्दीतल्या एका गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव निघालं. तिथं एक जुना कार्यकर्ता होता, गाव त्याला भाऊ म्हणायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सभांच्या सतरंज्या अंथरल्या, आता आपली पाळी आली म्हणून गडी सरसावून बसला होता आणि आरक्षणानं घात केला. मग रीतीप्रमाणं बायकोला उभं केलं. बायको सही करील, कारभार आपण बघू, हा हिशोब. तिला गाव ताई म्हणायचं. नवरा भाऊ आणि बायको ताई, यावरून ठाण्यात आमचे लोक हसायचे.

ताई अगदी थोड्या मतांनी पडल्या. एका केंद्राच्या मशीनचा आकडा वाचला जात असताना गोंधळ झाला, त्यांच्या प्रतिनिधीला पडदा नीट दिसलाच नाही. "पुन्हा दाखवा," म्हणून त्यानं सांगितलं, तर निकाल जाहीर झालाय म्हणून वाटेला लावलं. भाऊ घरी जाऊन आडवे झाले. ताई मात्र दुसऱ्या सकाळी सतरंजी घेऊन तहसीलसमोर येऊन बसल्या. दुपारपर्यंत गावातल्या बायका भाकरी बांधून आल्या, संध्याकाळी कुणीतरी मांडव घातला. भाऊ इस्त्रीचे कपडे घालून पोचले तोवर जागा भरलेली होती. त्यांनी माईक हातात घेतला तेव्हा मागून आवाज आला, "भाऊ, ताईला बोलू द्या की."

आमच्याकडं अशा वेळी प्रमुख आंदोलकांना कलम एकशे एकोणपन्नासची नोटीस देतात. शांतता बिघडली तर तुम्हाला जबाबदार धरू, असा तिचा मतलब. कागद साधाच, पण गावाकडं त्याची किंमत पोलिसांपेक्षा पुढाऱ्यांना जास्त. नोटीस आली म्हणजे माणूस पुढारी ठरला. यादीत नाव राहून गेलं म्हणून रुसून ठाण्यात आलेले मी कैक पाहिलेत. आमच्या गोपनीय शाखेच्या हवालदारानं या वेळी नावं काढली, त्यात ताई पहिल्या आणि भाऊ नाहीतच. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, ते फक्त चहाचं बघत्यात."

दोन दिवसांत भाऊ हजर. खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाले, "साहेब, काही चुकलं का आमचं? दरवर्षी नोटीस येती. औंदा बायकूला आली अन् मला नाय." मी म्हणालो, "बरंय की, डोक्याला ताप नाही." ते उठले. चेहरा असा झाला होता, जणू मी घरातून हाकलून दिलंय.

त्यानंतर ठाण्यात फोन आला. पुरुषाचा आवाज, तोंडावर फडकं धरल्यासारखा. मांडवात सतरंज्यांच्या थप्पीखाली पेट्रोल ठेवलंय, उद्या तहसीलदारांची गाडी पेटवणार आहेत. ठाणे अंमलदारानं नाव विचारताच फोन बंद. मी दोन पंच आणि महिला अंमलदार घेऊन गेलो. सतरंज्या उचलल्या आणि खाली खरोखर पाच लिटरचा कॅन निघाला, तोंडात झाकणाऐवजी प्लास्टिकचा बोळा. पंचनामा होईस्तोवर बातमी बाजारात पसरली. जिंकलेल्या गटाचे लोक तर वाटच बघत होते. "बघा! म्हणे लोकशाही! गाड्या जाळायला बसल्यात बाया." एक दुकानदार मला म्हणाला, "साहेब, रोज गिऱ्हाईक अडतंय यांच्यापायी. घाला आत एकदाचं."

ताईंना चौकशीसाठी ठाण्यात आणलं. वरून फोन आला की गुन्हा दाखल करा आणि अटक दाखवा. निकालाविरुद्ध कोर्टात अर्ज करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. वकिलाकडं जाऊन अर्जदार म्हणून सही ताईंनाच करायची होती, आणि मोजणीच्या वेळी हजर असलेले त्यांचे दोन साक्षीदार बाहेर घाबरून उभे होते. ताई आत गेल्या असत्या तर साक्षीदार पळाले असते, मुदत गेली असती आणि ती मशीन पुन्हा कधीच उघडली नसती.

"ताई, कॅन कुणाचा?" मी विचारलं.

"मला ठावं नाय. आमचा नाय एवढं खरं."

"मग मांडवात आला कसा? लोक म्हणतात हरल्याचा राग आहे."

त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "साहेब, मी हरले म्हणून बसले नाय. आकडा दाखवा म्हणून बसले. दाखवा अन् मी हरलेली असंन तर उठते. रस्त्यावर बसणारी बाई रिकामी, असं समदे म्हणत्यात. घरी बसून कुणी दाखवला असता का आकडा? तुमी तरी आला असता का मला विचारायला?"

 मी उठून ठाणे अंमलदाराकडं गेलो आणि म्हणालो, "तो फोन पुन्हा सांग, शब्द न् शब्द." तो आठवून सांगू लागला. फोनवाल्यानं बायकांची नावं घेतली, दोन पोरांची घेतली, ताईंना चार शिव्या घातल्या. मग अंमलदार म्हणाला, "अन् शेवटी बोलला की, तिच्या मालकाचा यात हात नाही. तो लई अभ्यासू, जुना कार्यकर्ता. त्याला विचारून केलं असतं तर ही वेळ आली नसती."

मी तिथंच हसलो. निनावी फोन करणारा कुणावर आरोप करतो, हे सगळे ऐकतात. मी आधी बघतो तो कुणाला वाचवतो. आणि भाऊंना अभ्यासू म्हणणारा अख्ख्या तालुक्यात एकच इसम होता.

भाऊंना बोलावलं. चहा मागवला. रागावलो असतो तर गडी घट्ट झाला असता, म्हणून मी दुसरी वाट धरली. ही वाट मला कुणी प्रशिक्षणात शिकवली नव्हती. आमच्या त्याच बॅचमेटच्या पदकाचा सत्कार मी त्याच सुमाराला मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत बघितला होता, त्यामुळं कुठं दुखतं हे पक्कं ठाऊक होतं.

"भाऊ, ताईंवर गुन्हा दाखल करावा लागतोय."

"कायदा हाये साहेब. माझं काय म्हणणं नाय." आवाजात दुःख होतं, पण डोळे शांत.

"हो ना. उद्या पेपरात फोटो येणार. जिल्ह्याचे नेते भेटायला येतील. जामिनावर सुटल्या की जीपमधून मिरवणूक. तुम्ही तर जुने आहात, केस झाली की पुढारी किती मोठा होतो हे तुम्हाला मी काय सांगू? पुढच्या खेपेला जिल्हा परिषदेचं तिकीट नक्की बघा."

भाऊंचा कप बशीवर वाजला. हा विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. पोलीस मांडव उठवतील, ताई चूल सांभाळायला घरी जाईल, मग आपण गावाच्या वतीनं नवं आंदोलन उभं करू, एवढंच त्यांनी धरलं होतं. आता तर ती त्यांच्या डोळ्यांदेखत जीपवर चढून हार घेत होती.

"तिला काय कळतंय पेट्रोलमधलं!" ते एकदम ओरडले. "झाकण बी नव्हतं त्याला. मी प्लास्टिकचा बोळा कोंबला तवा कुठं गळायचं थांबलं. माझं नाव घाला साहेब! आरोपी नंबर एक मला करा! तिचं कशाला?"

बोळ्याची गोष्ट मी बोललो नव्हतो. ती फक्त पंचांना आणि आम्हाला माहीत होती. पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही, म्हणून लगेच हवालदाराला जालना रस्त्यावरच्या पंपावर पाठवलं. कॅमेऱ्यात भाऊ स्वच्छ दिसले. मोटारसायकलची टाकी आधी, कॅन नंतर, आणि केसांवरून हात फिरवून कॅमेऱ्याकडं एकदा बघून घेतलेलं.

गुन्हा भाऊंवर दाखल झाला. ताईंना मी समोर बसवून सगळं सांगितलं.  मग त्यांच्या तोंडून निघालं, "काऊन केलं असंल हो? मी तर रोज त्यांला इचारूनच बसायचे." डोळ्यांत पाणी आलं, ते पदरानं पुसलं. मी म्हणालो, "ताई, झालं ते बाहेर सांगायलाच पाहिजे असं नाही. घरी जा, उद्या वकिलाकडं जाऊन सही करा." मला वाटलं, आता ही बाई तोंड लपवेल. मी लपवलं असतं.

त्या ठाण्यातून सरळ मांडवात गेल्या आणि माईक घेतला. आम्ही बंदोबस्ताला उभेच होतो. "पेट्रोल माझ्या घरातून आलं," त्या म्हणाल्या. "माझ्या मालकानं आणलं. दुसऱ्या कुणावर आळ घेऊ नका. ज्याला लाज वाटती त्यानं उठावं, मी रागावणार नाय. मी बसते." समोरच्या दुकानांतून शिट्ट्या आल्या, एक-दोघं घाणेरडं बोलले. मांडवातली काही माणसं खरंच उठून गेली. बाकीच्या बायका सरकून पुढं बसल्या. दुसऱ्या दिवशी ताईंनी सही केली, दोन्ही साक्षीदार बरोबर होते.

पुढं कोर्टात तारखा पडत राहिल्या. मशीन उघडायचा हुकूम झाला तोवर माझी बदली झाली होती. सगळ्यांसमोर आकडा दाखवला गेला. ताई हरल्याच होत्या. बागेतल्या मंडळींना मी हे सांगितलं तेव्हा बॅचमेटनं मांडीवर थाप मारली, "मग? मी काय म्हणत होतो? एवढा तमाशा कशासाठी केला?" सगळे हसले. पुढचं ऐकायला कुणी थांबलं नाही, म्हणून इथं लिहितो.

निवृत्तीनंतर करमाडकडं एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत शेजारी त्या गावच्या सरपंचबाई आल्या, ताईंना हरवून निवडून आलेल्या. मी सहज म्हणालो, "त्या बाईनं तुम्हाला लई त्रास दिला."

"त्रास? आवं साहेब, ती बसली नसती तर मी पाच वर्षं चोरच राहिले असते," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनं बी इचारलं होतं, खरं सांग, मशीनमधी काय केलंस? नळाला पाणी सोडलं तरी लोक हसायचे. तिनं मशीन उघडायला लावली तवा मी सरपंच झाले. आता ग्रामसभेत म्होरंच बसती, डोकं खाती निस्तं. पण मी तिच्याशिवाय सभा चालू करीत नाय."

नोकरीभर मी मांडवाच्या बाहेरून आंदोलनं पाहिली आणि ती कधी उठतात याची वाट बघितली. ती उठवण्यात शांतता आहे असं मला वाटायचं. त्या गावाला शांतता मिळाली ती एक बाई उठली नाही म्हणून, आणि फायदा झाला तो तिच्या वैरिणीचा. इतकी वर्षं वर्दी घातली, शेकडो लोकांच्या विरोधात उभा राहिलो, पण त्यातल्या कुणी माझ्याबद्दल असं बोलल्याचं मला आठवत नाही. पानात गरम जिलबी वाढली होती. ताईंचा हेवा वाटून मला ती गोड लागली नाही.