कडेच्या वहिनी

माझा लाकडी कॅमेरा निघाला की घरातली पोरं हसायला लागतात. मोबाइलवर काढा की, हा सल्ला तर ठरलेलाच. हसू देत. तळहाताएवढी निगेटिव्ह उजेडात धरून बघायचं सुख त्यांना काय कळणार! दर दिवाळीला घरच्यांचा फोटो मी त्याच कॅमेऱ्यावर काढतो.

आमच्या घराचा पुढचा सोपा अरुंद. मी भिंतीला पाठ टेकली तरी सगळी माणसं कॅमेऱ्याच्या काचेत मावत नाहीत, म्हणून वाइड लेन्स लावावी लागते. तिची खोड अशी, की मधोमध लख्ख उजेड आणि कडेला अंधार. घरची रीत अशी, की मधल्या खुर्चीत दादा, म्हणजे माझे थोरले भाऊ, आणि पार कडेला, स्वयंपाकघराच्या दाराशी वहिनी. कुकरची शिट्टी झाली की आत पळायला बरं. म्हणून दर वर्षी दादा उजळ आणि वहिनी काळ्याकुट्ट. मधे या म्हणून मी भांडलोसुद्धा, पण ऐकतील तर शपथ. फोटो छापताना तो कोपरा उजळायची खटपट करून बघितली. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

गेल्या दिवाळीत जुने फोटो बघता बघता वहिनी म्हणाल्या, "भावजी, माझ्या माघारी भिंतीला काय लावणार तुमी? ही काजळी?"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. बाईनं उभा जन्म या घरात घालवला आणि तिचा एक धड फोटो घरात नसावा, याचं फार वाईट वाटलं.

मग एका मित्राकडून या लेन्सचा खास फिल्टर मागून आणला. मधे काळसर, कडेला स्वच्छ काच. तो मधला उजेड अडवतो आणि कडेचा त्याच्या बरोबरीला येतो. पण त्यानं एवढा उजेड खाल्ला, की चार सेकंद सगळ्यांना पुतळ्यागत बसावं लागणार होतं. जो हलेल तो पुसला जाईल, असा मी दम भरला आणि शटर उघडलं.

नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी. आता वहिनी पळणार, गेला आपला फोटो, असं माझ्या मनात येतंय तोवर उठले ते दादा. कधी स्वतःचा चहा गाळून घेतला नाही, तो माणूस "तू थांब, मी बगतो," म्हणत आत गेला. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

फोटो छापला. मधली खुर्ची जवळजवळ रिकामी, तिच्यावर दादा धुरासारखे पुसट. आणि कडेला वहिनी, कुंकवासकट स्वच्छ, हसू दाबत उभ्या. मी म्हटलं, दादा गेले यातून, परत काढू.

"ऱ्हाऊ द्या की, भावजी. ह्यांनी ग्यास बंद केल्याचा तेवढाच पुरावा हाय."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी स्वतःच खिळा ठोकून तो सोप्यात लावला.