बिनहॉर्नचा लियाकत

लियाकतबद्दल चांगलं बोलायला मला कुणी सांगू नये. रोज सकाळी मी शिराळ्याहून जीपमध्ये माणसं भरून आणतो, राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवर उतरवतो, आणि तीच माणसं हसतखेळत त्याच्या बॅटरीच्या गाडीत जाऊन बसतात. पुढचं सगळं रान त्याचं, माझी हद्द गेटपर्यंत. हे बघून ज्याच्या पोटात दुखणार नाही तो देवमाणूस असेल. मी आकाराम. देवमाणूस वगैरे काही नाही.

आम्ही दोघं एकाच गावचे, वारणेच्या वरच्या अंगाचे. लियाकत तरुणपणी कुपवाडला पत्र्याच्या कारखान्यात लागला. दिवसभर कानाशी ठोकाठोक. त्यात त्याचा डावा कान अधू झाला आणि आवाजाचा असा वीट आला, की नोकरी सोडून तो गावी परतला. आष्ट्यातून एक जुनी जीप घेतली आणि माझ्यासारखंच वडाप, म्हणजे भाड्यानं माणसं वाहणं, सुरू केलं. शीटं भरली की गाडी हलवायची, एवढाच त्या धंद्याचा कायदा. गाडी घेताना या शहाण्यानं मिस्त्रीला सांगितलं, "हॉर्न तेवढा काढून दे."

"येडा हाय का रं?" मिस्त्री म्हणाला.

"लय आवाज ऐकलाय गड्या. आता बास."

आरटीओच्या तपासणीपुरता तो हॉर्न लावायचा आणि घरी आला की परत काढून खोक्यात टाकायचा. आम्ही स्टँडवर त्याला 'मुकी गाडी' म्हणायचो. त्याला राग यायचा नाही. मला मात्र त्याच्या राग न येण्याचाच राग यायचा.

वडापवाल्याचा हॉर्न म्हणजे त्याची हाक असते. माझा हॉर्न धरणाच्या भिंतीपर्यंत ऐकू जायचा. वेशीत गाडी लावून मी तळहातानं दाबून धरला, की बायामाणसं पिशव्या सावरत पळत यायची. लियाकत काय करायचा, तर गाडी उभी करून खाली उतरायचा आणि दारोदार जायचा. "मावशी, येताय न्हवं बाजाराला?" निम्म्या घरात त्याला चहा मिळायचा. लोकांनाही असले लाड गोड लागतात. नंबर माझा असला तरी माणसं पारावर बसून राहायची. मी म्हणायचो, चला की. ती म्हणायची, जरा थांबतो.

एकदा शिराळ्याच्या बाजारात त्याच्या जीपमधून आमची मनुबाई उतरली. माझी लग्नाची बायको! सकाळीच मला म्हणाली होती, आज डोकं दुखतंय, बाजारला यायची न्हाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नवऱ्याची गाडी दारात असताना तू त्याच्या गाडीत?"

"आवं, तुमच्या गाडीत बसलं की डोकं उठतं. वळण आलं की प्वां, म्हस दिसली की प्वां. लियाकतभाऊच्या गाडीत निवांत डोळा लागतो."

त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोळ्यात खुपायला लागला, तो आजतागायत.

एक समाधान होतं. वडापात तो पुढे गेला तरी रानात मीच राजा होतो. रविवारी सांगली-कराडचे पाहुणे यायचे, त्यांना उद्यानात फिरवायला माझीच जीप असायची. माझ्यासारखा रस्ता कुणाला पाठ नव्हता. गवा दिसला नाही म्हणून पाहुणे कुरकुर करायचे, तेव्हा मी सांगायचो, "जनावर हाय साहेब, नशिबात असंल तर दिसतं." त्यांना ते पटायचंही. आमच्या मनूनं तर इथे जन्म काढून कधी गवा पाहिला नव्हता. तिला एकदा मी हौसेनं माझ्या जीपमधून रानात नेलं होतं, पण माकडं सोडून काही दिसलं नाही. तिलाही मी नशीबच सांगितलं.

मग वनखात्याच्या नवीन मॅडम आल्या. त्यांनी गावात बैठक घेतली. रविवारी आत गाड्यांची जत्रा भरते, धूर होतो, जनावरं आत आत सरकतात, तर यापुढे सगळ्या गाड्या गेटवर थांबतील. ज्याला पायी जायचंय त्यानं पायी, ज्याला सायकल हवी त्यानं सायकलनं. बाकीच्यांना बॅटरीची एक मोठी गाडी, तीही भरल्याशिवाय हलायची नाही. तिचा ड्रायव्हर आपल्याच जीपवाल्यांपैकी एक, चाचणी घेऊन ठरवू.

एकच जागा! मला ती हवी होती. रान हातचं गेलं तर माझ्याकडे उरणार काय, शिराळ्याचा रस्ता आणि रिकामी जीप. आणि खरं सांगायचं तर, ती मला मिळण्यापेक्षा लियाकतला न मिळणं जास्त महत्त्वाचं होतं.

चाचणीला मॅडम शेजारी बसल्या. आधीच बजावलं, आत हॉर्न वाजवायचा नाही, समोरून माणूस येत असला तरच. गाडी मी लोण्यासारखी चालवली. पण त्या गाडीला आवाजच नाही हो! चालू आहे की बंद, कळायचं कसं? पहिलं आंधळं वळण आलं आणि माझा तळहात आपोआप पडला. प्वां! झाडावरची पाखरं उडाली. मॅडमनी कागदावर काहीतरी टिपलं. पुढच्या वळणाला मी हात आवळून धरला, तरी तो सुटलाच. आयुष्यभराची खोड, ती काय एका सकाळीत जाते? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लियाकतनं काय केलं? वळण आलं की गाडी जवळजवळ थांबवायची, दाराबाहेर मान काढून बघायचं आणि मग पुढे सरकायचं. म्हातारी माणसं रस्ता ओलांडतात तसं. याला ड्रायव्हिंग म्हणतात? पण जागा त्याला मिळाली. अधू कानाच्या, हॉर्न खोक्यात ठेवणाऱ्या माणसाला! मी दोन दिवस नीट जेवलो नाही.

पहिल्या फेरीला मॅडमनी गेटवर जेवण रांधणाऱ्या बचत गटाच्या बायकांना बसायला बोलावलं. त्यात मनू होती, नवीन लुगडं नेसून. माझ्या जीपमध्ये कधी नवीन नेसून बसली नव्हती. मी लांब उभा राहून, बघत नसल्यासारखं बघत होतो. एक शीट रिकामी राहिली आणि गाडी हलेना. लियाकत खाली उतरला आणि थेट माझ्यापाशी आला. गाडीतूनच हाक मारली असती तर मी गेलो नसतो.

"आकाराम, एक शीट कमी हाय. चल की गड्या."

"मी काय तुझं शीट व्हय रं?"

"मग गाडी हलत न्हाई. तुला तर कायदा ठावं हाय."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी जाऊन पुढे त्याच्या शेजारी बसलो. मला त्याची चूक पकडायची होती.

ज्या वळणावर माझा हात सुटला होता, तेच वळण आलं. त्यानं गाडी थांबवली, मान बाहेर काढली आणि मान तशीच ठेवून हातानं आम्हाला गप्प केलं. रस्त्यात गवा उभा होता. काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. मागे तांबूस वासरू. माझा तळहात उठला आणि पुढच्या पत्र्यावर पडला. तिथे हॉर्न नव्हता म्हणून बरं. गव्यानं आमच्याकडे पाहिलं, वासराला पुढे घेतलं आणि सावकाश झाडीत उतरला.

मी मागे वळून पाहिलं. मनूनं तोंडावर पदर धरला होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतक्या वर्षांच्या संसारात तिचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. ती लियाकतच्या पाठीकडे बघून म्हणाली, "भाऊ, लय उपकार झालं."

मग माझ्याकडे वळली. हळूच म्हणाली, रागानं नाही, समजूत घातल्यासारखी.

"आवं, आपल्या नशिबात व्हता की गवा. तुमीच तेवढं त्याला हाकलत व्हता."

लियाकतनं ऐकलं की नाही, ठाऊक नाही. तिच्या बाजूला त्याचा अधू कान होता. त्यानं गाडी सुरू केली. ड्रायव्हरची जागा गेली तेव्हाही मला त्याचा इतका हेवा वाटला नव्हता.