साहेबाच्या चुलीवर कानबाईचा स्वयंपाक

साल १९९६. मी एकसष्ट वर्षांचा होतो आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या मालकीच्या घरात आमची खानदेशची देवी, श्रावणातली कानबाई बसणार होती.

सुरतेत पांडेसऱ्याच्या रंगाई मिलमधून मोकळा झाल्यावर मी कडोदऱ्याच्या पुढं, बारडोलीच्या वाटेवरच्या खेड्यात हे घर घेतलं. गाव त्याला ‘साहेबनुं घर’ म्हणे. इंग्रजांच्या राज्यात रस्त्याच्या कामावर आलेल्या एका गोऱ्यानं ते आपल्या गावाकडच्यासारखं बांधून घेतलेलं. भिंती हातभर जाड, छप्पर उभं उतरतं, खिडक्या लहान आणि त्यांना हातरुमालाएवढ्या काचा. पुढच्या खोलीत भिंतीतच शेकायची चूल, वर धुरांडं. सुरतेच्या उकाड्यात! म्हातारे सांगत, साहेब चूल पेटवून समोर घाम पुसत बसायचा, पण बसायचा. मला तो माणूस तिथंच पटला. रांधायची खोली मात्र त्यानं परसात वेगळी काढलेली. तो गेल्यावर घर एका शेतकऱ्याकडे आलं आणि त्यात खताच्या गोण्या पडून राहिल्या.

मुलाला चूल नको होती. ती फोडून तिथं टीव्हीचं कपाट करायचं म्हणून त्यानं सोमवारचा गवंडीही सांगून ठेवला. मी म्हटलं, रविवारी कानबाईचा स्वयंपाक याच चुलीवर होईल. झाला तर चूल राहील, नाही तर फोड.

नंदुरबारकडून थोरले चुलतभाऊ आले होते. देवी घरात आणि तिच्या नैवेद्याचे रोट परसात, हे त्यांनाही रुचत नव्हतं. मग काय, मी लाकडं रचली, पेटवली, पुरणाचं पातेलं चढवलं. सगळा धूर खोलीत. नथ घालून नटवलेला कानबाईचा नारळसुद्धा दिसेना. बायका डोळे चोळत, हसत बाहेर पळाल्या. थोरले खोकत म्हणाले, “हाई साहेबनी चूल शे भाऊ, तिले आपला धूर समजत नही.”

मग त्यांनीच पातेलं उचलून परसात नेलं. नैवेद्याला उशीर झाला तर कानबाई जास्त रागावेल म्हणे. बायको जाता जाता बोलली, साहेब गेला पण हट्ट तुम्हाला देऊन गेला.

मुलगा म्हणाला, “आबा, आता तरी मानलं ना? सकाळी गवंडी येतोय.”

“येऊ दे,” मी म्हटलं.

जागरणाची गाणी चालली होती. माझ्या डोक्यात एकच. गोरा इथं चूल पेटवून बसत होता, म्हणजे धूर कुठंतरी जात होता. आता जात नाही, म्हणजे वाट कुणीतरी बुजवलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानबाईला डोक्यावरून खाडीवर, म्हणजे गावच्या ओढ्यावर नेली, पाण्यात निरोप दिला आणि ओल्या धोतरानंच शिडी लावली. बायको खाली शिडी धरून मला बोलत होती. धुरांड्याच्या तोंडावर शेतकऱ्यानं पावसासाठी फरशी बसवून चिखलानं लिंपलेली. पहारीनं ती उचकटली. बांबूला गोणपाट बांधून आत घातलं, तर कबुतरांची घरटी, पिसं, काजळी, सगळं खाली आलं. पाऊस आत येऊ नये म्हणून चार विटा मांडून वर पत्रा टेकवला. खाली उतरलो आणि कालचीच अर्धी जळलेली लाकडं पेटवली. धूर जरा घुटमळला, मग सरळ वर गेला.

दारात गवंडी हातोडा घेऊन उभा होता. त्याला म्हटलं बस, आणि त्याच्यासाठी साहेबाच्या चुलीवर चहा ठेवला.