कर्जासाठी काढलेला फोटो

बारावीनंतर मला नाशिकच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती मिळणार होती, पण उशिरा; हॉस्टेलचे पैसे आधी भरायचे होते. जव्हारला एका संस्थेतल्या ताईंनी मार्ग सांगितला. इंटरनेटवर आपली माहिती आणि फोटो टाकायचा. ती वाचून कुठकुठली माणसं थोडे थोडे पैसे उसने देतात. नोकरी लागली की हप्त्यांनी फेडायचे.

आठवड्याभराने ताई फोटो काढायला साखरशेतला आमच्या घरी आल्या. आई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून तयार होती. ताई जरा अडखळल्या. "मावशी, रोजचंच लुगडं नेसा ना. लोकांना परिस्थिती कळायला हवी."

आई शांतपणे म्हणाली, "ताई, आमी भीक नाय मागत, उसनं मागतो. उसनं मागाया जाताना माणूस नीट नेसून जातो. फाटक्याला कोण उसनं देल?"

ताईंनी मग तसाच फोटो काढला. माहिती त्यांनी मलाच लिहायला सांगितली. 'आम्ही फार गरीब आहोत' असं लिहून मी ते खोडलं. गावातल्या बाळंतपणात अडलेल्या बाईला जीपमधून जव्हारला नेताना मी दोनदा सोबत गेले होते, तेव्हापासून नर्स व्हायचं होतं, एवढंच लिहिलं.

पण मनातून मला आईचा फार राग आला होता. रेंजसाठी रोज टेकाडावर चढायचे, फोन बघायचे. तीन आठवडे रक्कम निम्म्यावरच अडलेली. हिच्या हट्टापायी माझं शिक्षण जाणार, असं वाटायचं. आईशी मी कामापुरतंच बोलायचे.

मुदत संपायला दोन दिवस असताना पैसे पुरे झाले. देणाऱ्यांत परदेशातल्या एक आजी होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'मीही चाळीस वर्षं नर्स होते.' मी आईला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "तिला कळव, पोर कामाला कच्ची नाय."

आता मी मोखाड्याकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. शेवटचा हप्ता मागच्या वर्षी फेडला. त्या दिवशी घरी गेले होते. आई नागलीच्या भाकरी थापत होती. त्या तीन आठवड्यांतला माझा राग मी तिला पहिल्यांदाच सांगितला.

"ठावं होतं मला," ती म्हणाली. "जेवत कुठं होतीस तू धड?"

आणि तिने तव्यावरची गरम भाकर माझ्या ताटात टाकली.