सुपरवायझर मावशींचं शटर

सुपरवायझर मावशींसमोर कुठल्याही वस्तूचं कौतुक करा, त्या शेवटपर्यंत शांतपणे ऐकायच्या, पदर सारखा करायच्या आणि विचारायच्या, "आन् लाइन गेल्यावर?" मिक्सर असो, पाणी शुद्ध करायचं यंत्र असो, वीज गेल्यावर काय, हा प्रश्न ठरलेला. माझ्या नणंदेला पुण्याचं स्थळ आलं. मुलगा मोठ्या पगाराचा, स्वतःचा फ्लॅट, दिसायला राजबिंडा. सासूबाई सांगता सांगता थकेनात. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच सुरात तेच विचारलं. सासूबाई पुढे कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत.

मावशींना नाव होतं, पण देऊळगाव राजात ते कोणी घेत नसे. सगळी नोकरी त्यांनी अंगणवाड्यांच्या सुपरवायझर म्हणून काढली. खेडोपाडी जायचं ते एसटीने, ती चुकली तर दुधाच्या टेम्पोत, तोही नसला तर रस्त्याकडेला उभं राहून. माहेर मोताळ्याकडचं. आमच्या गावच्या बोलण्याला जालन्याचा वारा लागलेला आहे, पण मावशींचं 'मले-तुले' काही सुटलं नाही. यजमान नोकरीत असतानाच गेले होते. मुलगी विद्या पुण्यात. निवृत्तीनंतर मावशी तीर्थयात्रा करतील, सोनं घेतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि ती चालवायलाही शिकल्या. तेवढे दिवस आमच्या आळीतल्या शेळ्या घरात बांधलेल्या असत.

"जिंदगीभर दुसऱ्याच्या गाडीच्या टायमावर जगली म्या," त्या मला म्हणाल्या होत्या. "आता माह्या टायमावर."

आमच्याकडे रस्त्याला लागून घर बांधायचं म्हणजे पुढे गाळा काढायचाच, अशी रीत आहे. तुम्ही नको म्हणालात तरी गवंडी ऐकत नाही. उद्या भाड्याने जाईल म्हणतो आणि शटरचं माप घेऊन मोकळा होतो. मावशींच्या घरालाही तसाच एक गाळा होता आणि त्यात गाडी राहायची. आलागेला प्रत्येक पाहुणा चहा पिता पिता तिकडे बघून म्हणायचा, जागा मोक्याची आहे, मेडिकल टाकलं तर काय चालेल! मावशी म्हणायच्या, "तिथं गाडी राहते," आणि कप उचलून घ्यायच्या. अर्धा कप उरलेला असला तरी.

मग त्यांचे हात गेले. म्हणजे एकदम नाही. आधी बोटांची पेरं सुजली, मग मुठी वळेनात, मग मनगटं. संधिवात म्हणाले डॉक्टर. गाडीचं स्टिअरिंग त्या तळव्यांनी फिरवायच्या, ते जमायचं. जमायचं नाही ते शटर. ते जुनं, जड, आणि वर ढकलताना मध्येच अडायचं. मावशींनी त्यावर उपाय काढला: शटर दिवसभर अर्धवट वर ठेवायचं. मग गाडीखाली कुत्री झोपायला लागली, आणि ही बातमी कोणीतरी पुण्याला पोचवली.

विद्याने फोनवर स्पष्ट सांगितलं. ज्या दिवशी शटर तुझं तुला उघडता येणार नाही, त्या दिवशी गाडी विकायची, गाळा भाड्याने द्यायचा आणि तू माझ्याकडे यायचं. यात विद्या वाईट होती असं मुळीच नाही. एकुलती एक मुलगी, तिला तिकडे झोप लागत नसे. पण मावशींनी फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. नवरा गेल्यावरही ही बाई दिवसकार्य आटोपून अंगणवाड्या तपासायला गेली होती. त्या दिवशी मात्र बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात. "चाल वं, जालन्याले जाऊ. शटरले मोटर पाहाची हाये." माझं माहेर जालन्याचं, तेव्हा मी कशाला नाही म्हणते? त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही जालन्याच्या दुकानांमध्ये घालवले. माझ्या आईला वाटे, लेकीला माहेरची ओढ फार.

दुकानदार आधी मोबाइलवर परदेशातल्या घरांची चित्रं दाखवायचे. मोठं गुळगुळीत दार छताला समांतर सरकत जातं, खाली हिरवळ, बाजूला गोरं मूल. मावशी ते पूर्ण बघायच्या आणि म्हणायच्या, "हे नाही. आपलं गुंडाळ्याचं शटर हाये." मग मोटर बाजूला बसवायची की मध्ये, आवाज किती, मध्ये कोणी आलं तर थांबते का, उंदराने वायर कुरतडली तर काय, अशी चौकशी व्हायची. आणि मग तो प्रश्न. एका दुकानदाराने उत्साहाने साखळी दाखवली, "अम्मा, लाइट गई तो ये खींचने की." मावशींनी आपले दोन्ही हात काउंटरवर ठेवले. तो बिचारा साखळी गुंडाळायला लागला. रिमोट तर त्यांनी सगळीकडेच परत केले. ती इवलीशी बटणं त्यांच्या अंगठ्याने दबत नव्हती. एकदा त्यांनी हनुवटीने दाबून पाहिलं आणि स्वतःच हसल्या. मला हसता आलं नाही. "काऊन वं, तोंड काऊन पाडलं?" म्हणाल्या, "हनुवटीले काय संधिवात होते?"

शेवटी त्यांनी निवडली ती मोटर बॅटरीवरही चालणारी होती. लाइनच्या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर मिळालं होतं. बटणं भिंतीवरची, पंजाने दाबता येतील एवढी मोठी. एक गाळ्याच्या आत, एक व्हरांड्यात जाळीच्या मागे. शकीलभाई नावाचे फिटर येऊन बसवून गेले. मावशींनी मोटरला हळदकुंकू वाहिलं, शांताबाईंनी नारळ फोडला. शांताबाई म्हणजे त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ कामाला येणाऱ्या. शटर वर गेलं आणि सगळी आळी बघत राहिली. मावशींनी ते परत खाली आणलं, परत वर नेलं. इतक्या आनंदात मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही नाही.

जाताना शकीलभाई म्हणाले, "मावशी, आता खालच्या कुलपांची गरज नाही. मोटरच धरून ठेवते. म्हणाल तर कड्या ग्रायंडरने कापून टाकतो."

"आन् कुलूप नाही तर ते बंद कसं म्हणाचं?"

यावर आळीतला एकही माणूस शकीलभाईंच्या बाजूने उभा राहिला नाही. खाली दोन कोपऱ्यांत दोन कुलपं लागल्याशिवाय शटर बंद झालं असं आमच्या गावात कोणी मानत नाही. बंद केलं की कुलूप दोनदा ओढून बघायचं, चार पावलं जाऊन परत येऊन एकदा ओढायचं, तेव्हा कुठे पाय निघतो. शकीलभाईंनाही ते माहीत होतं. त्यांनी खांदे उडवले आणि ग्रायंडर पिशवीत टाकलं.

कुलूप लावणं काही मावशींना जमत नव्हतं, म्हणून संध्याकाळी शांताबाई लावायच्या आणि सकाळी उघडायच्या. मोटर इतकी पारखून घेतली, आणि दार अखेर शांताबाईंच्या हातात राहिलं. हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत असणार. पण ते काही महिने त्या जिथे मनात येईल तिथे जात होत्या, हिवरा आश्रमाला जाऊन आल्या, मोताळ्याला भावाकडे राहून आल्या. कोण बोलणार?

दिवाळीआधी विद्या यायची होती. मावशींनी तिला फोनवर बजावलं, "रिक्षा करू नको. मी येतो स्टँडवर घ्याले." सकाळपासून इस्त्रीची साडी नेसून तयार. शांताबाईंनी बाहेर जाऊन एका बाजूचं कुलूप काढलं, तेवढ्यात आत दूध उतू गेलं म्हणून त्या किल्ली कुलपातच ठेवून धावल्या. दुसरं कुलूप तसंच राहिलं. मावशी घरातून गाळ्यात आल्या. आतून बाहेरचं कुलूप दिसत नाही. त्यांनी बटण दाबलं.

आवाज आमच्या घरापर्यंत आला. मी बाहेर आले तर शटर एका बाजूने गुडघाभर वर गेलेलं, दुसऱ्या बाजूने खालीच अडकलेलं, पट्ट्या खाचेतून बाहेर येऊन वाकलेल्या आणि जळका वास. शांताबाई कपाळाला हात लावून उभ्या. मी शकीलभाईंना फोन लावायला आत गेले. फोन लागायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात विद्या स्टँडवर वाट बघून कंटाळून रिक्षाने आली.

मी पुन्हा बाहेर आले तेव्हा ती गाळ्यासमोर उभी होती. मावशी खाली धुळीत बसल्या होत्या, इस्त्रीच्या साडीत. शांताबाईंना त्यांनी बाजूला सारलं होतं. किल्ली नमस्कार केल्यासारखी दोन तळव्यांमध्ये धरून त्या ते राहिलेलं कुलूप उघडायला बघत होत्या. किल्ली निसटत होती, त्या परत उचलत होत्या. विद्या शटरकडे बघतच नव्हती. ती आईचे हात बघत होती. फोनवर हात दिसत नाहीत. ती शेजारी बसली, किल्ली काढून घेतली आणि रडायला लागली.

शकीलभाई येऊन बघून म्हणाले, पट्ट्या सरळ होतात, मोटर दुरुस्त होते. ज्या बाईने सगळ्या जालन्याला प्रश्न विचारून हैराण केलं, तिने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी विद्याशी भांडायला हवं होतं. मला अजूनही तसं वाटतं.

दिवाळी झाल्यावर गाडी विकली आणि त्या पुण्याला गेल्या. गाळ्यात आता झेरॉक्सचं दुकान आहे, आणि जागा खरंच मोक्याची निघाली.

मी अधूनमधून फोन करते. परवा विचारलं, "मावशी, करमतं का तिथे?"

"काय दुखणं हाये इथं? लिफ्ट हाये, वॉचमन हाये. आन् खाली गाड्याइचं मोठं गेट हाये, आपोआप उघडते. लाइन गेली तरी."

"बटण आहे का त्याला?"

"काहीच नाही. गाडीच्या काचेले कागद चिकटवेल असते, त्याले पाहून उघडते. मी एक दिवस गेली न वं, त्याच्या समोर उभी राह्यली. लय वेळ उभी राह्यली. माणसाले पाहून नाही उघडत ते."

मी जेवण झालं का, विचारलं. हो म्हणाल्या.