गूळ फोडणारा सोमला

मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यावर भांडण मिटलं की नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, ओट्यावर गुळाची ढेप यायची, आणि ती फोडायचा मान सोमलाचा. असं तीस वर्षं. खडा तोंडात गेला की विषय संपला, पुन्हा कोणी ओठावर आणायचा नाही. ऊसतोडीला सहा महिने बाहेर राहणारी माणसं, एकाच ट्रॉलीत बसणार. मनात खुन्नस धरून कसं भागेल? स्वतःच्या लेकीची सोयरीक मोडणाऱ्यालाही सोमलानं याच हातानं खडा दिला होता. असा सरळ माणूस! आणि त्याच सरळपणानं त्याचा घात केला.

संगीता त्याच्या शेजारची, त्याच्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झालेली. हापशीवर बोलाचाली झाली आणि तांड्यावरच्याच धरमसिंगनं तिच्या उजव्या हातावर काठी घातली. मनगट मोडलं, जुळलं तेही वाकडं. कोयता धरता येईना. पाहणारा एकटा सोमला. पोलिसांना त्यानं जसंच्या तसं सांगितलं. पुढे बैठक बसली, धरमसिंगनं नायकाच्या पायावर डोकं ठेवलं, संगीताच्या बापानं होकाराची मान डोलावली आणि सोमलानं गूळ वाटला.

पण कोर्टाला गुळाची काय पडली आहे? दोन वर्षांनी सोमला मानोऱ्याच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला. सरकारी वकिलानं विचारलं, "काठी कोणी मारली?"

"मले काई मालूम नाई, साहेब. मिटलं ते."

वकिलाचा चेहराच पडला. न्यायाधीशांकडे वळून तो इंग्रजीत काहीतरी बोलला. त्यातला 'होस्टाइल' एवढाच शब्द सोमलानं धरून ठेवला. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली.

बाहेर लिंबाखाली बदरुद्दीन लोकांचे अर्ज लिहून देत बसायचा. सोमला त्याच्यापुढे जाऊन उकिडवा बसला. "बदरूभाई, होस्टाइल म्हंजे काय हो?"

बदरुद्दीननं चष्मा कपाळावर सरकवला. "रोजच्या बोलण्यात म्हणाल तं दुश्मनीवर उतरलेला. कोर्टात मतलब निराळा. ज्यायनं साक्षीले बोलावलं त्यायच्याच बाजूनं खरं सांगत नाई, तो साक्षीदार. मनात राग असो का नसो, कायदा ते पाहत नाई. आता बोलावणारा सरकारी वकीलच तुमाले उलटसुलट इचारंल."

"अरे, पण मी तं दुश्मनी मिटली म्हून चूप बसलो!"

"हे मले कायले सांगता? तिकडं बसली संगीता, तिले सांगा."

संगीता पलीकडच्या बाकावर डाव्या हातानं डब्याचं झाकण उघडायला झटत होती. सोमला तिच्याजवळ गेला. "पोरी, मी काई तुहा वैरी नाई. सगळ्यायनं गूळ खाल्ला होता नं. जबान होती."

तिनं वर पाहिलं. आवाज चढवला नाही. "काका, बैठकीत बाया बसत नाईत. मले कोणी बोलावलंच नाई. मी कुठं गूळ खाल्ला?"

 तीस वर्षांत इतक्या ढेपी फोडल्या, पण एखाद्या बाईच्या तळहातावर खडा ठेवल्याचं सोमलाला एकदाही आठवेना. लाज वाटली त्याला, रडू येईल इतकी.

सुट्टी संपली. वकिलानं पोलिसांचा कागद वाचून दाखवला. "हा जबाब तुमचाच ना?"

"माहाच हाये, साहेब. धरमसिंगनंच मारली काठी. मी पाह्यली."

"मग सकाळी का नाही बोललात?"

"गूळ खाल्ला होता. पण तो मी खाल्ला, साहेब. तिनं नाई."

कोर्टाचा निकाल अजून लागायचा आहे. तांड्यानं मात्र आपला लावून टाकला. परवा बांधाच्या भांडणाची बैठक बसली, ढेप आली आणि नायकानं ती फोडायला तांड्यावरच्या उकंडरावच्या हातात दिली. सोमला कोपऱ्यात बसून होता. गूळ वाटत वाटत उकंडराव त्याच्यापाशी आला, तेव्हा सोमलानं विचारलं, "बायायले बोलावलं होतं काय?"

उकंडरावनं खडा त्याच्यासमोर धरला. सोमलानं हात पुढे केला नाही.